चार सुया आणि त्यांची घरे

सन १९४६, खंडेनवमीचा आदला दिवस, सकाळी साडेआठ. लोणावळ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर मी मिस्त्रीच्या हातात एकशे वीस रुपये मोजून ठेवले. हजर माणसे चार: मी, माझी बायको, देहूरोडचा मिस्त्री आणि बेडसे गावचा माझा ड्रायव्हर. ठरलेली रक्कम एकशे साठ होती. उरलेले चाळीस काम नीट झाल्यावर द्यायचे होते. हे सगळे इतके स्पष्ट लिहितो, कारण पुढे जे झाले त्यात जो तो आपल्या सोयीचे सांगत राहिला आणि त्यात मीही होतो.

माझ्याकडे त्या वेळी एक लॉरी होती. लढाईच्या आधीची, चार सिलिंडरची, डिझेलवर चालणारी. आमच्याकडच्या बाकीच्या लॉऱ्या पेट्रोलच्या, त्यामुळे हिच्या इंजिनातले कळणारा माणूस शोधून सापडत नसे. पनवेलहून मंगलोरी कौले आणून लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांवर पोचवायची, हा धंदा. खेपेला तेराशे कौले. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत घाट चढायला माझ्या घड्याळाने सत्तेचाळीस मिनिटे लागत, आणि तेवढ्या वेळात मागे अडकलेल्या मोटारींतून जे ऐकावे लागे ते लिहिण्याजोगे नाही.

मिस्त्री लष्करी कारखान्यातून निवृत्त झालेला. लढाई संपल्यावर लष्करी मालाचे लिलाव निघत होते, त्यातून त्याने चार नोझले मिळवली होती. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पंप दाबाने डिझेल पाठवतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेला इंजेक्टर ते धुक्यासारखे आत फवारतो. त्या इंजेक्टरचे टोक म्हणजे नोझल. त्याचे भाग दोन: एक पोलादी घर आणि त्या घरात वरखाली होणारी, करंगळीहून बारीक सुई. ही नवी नोझले जरा मोठ्या भोकाची होती. मिस्त्रीचे म्हणणे, डिझेल जास्त जाईल आणि घाट दहा मिनिटांनी कमी होईल.

ड्रायव्हर खांबाला टेकून ऐकत होता. सहा वर्षे तो माझ्याकडे होता. घरची थोडी भातशेती, बाकी सगळी भिस्त पगारावर.

"बदला की," तो म्हणाला. "पर भाऊ, पंपाला हात नगं. शिशाचं सील हाय त्याला. ते लावणाऱ्यानं काय येडेपणानं लावलं न्हाई."

"तू स्टीअरिंग धर," मिस्त्री म्हणाला. "पंप मी बघतो. शेठ, मी पलटणीत असताना हे गाडी चालवायलासुद्धा शिकले नव्हते."

"व्हय. आन् मी घाटात गाडी चालवताना तुमी कुटं व्हता?"

मी दोघांनाही गप्प केले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारे पुजायची, वापरायची नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे नोझले एकादशीला बसवायची. तोवर ती चार पुडकी आमच्या घरात राहिली. इथेच सगळे बिघडले, आणि बिघडवणारा मी होतो.

नवमीला सकाळी पाटावर पूजा मांडली. लॉरीचे पाने, पकडी, जॅक, माझी फूटपट्टी, घरातला कोयता, विळी. ह्या वर्षी नवी नोझलेही मांडावीत असे मला वाटले. एवढे पैसे मोजलेली वस्तू पूजेच्या दिवशी कोनाड्यात कशाला ठेवायची? पुडके सोडले तर आत मेणकागद आणि त्यात पिवळट, चिकट वंगण.

"अहो, हे कसलं?" बायकोने विचारले. "चरबी असेल. लष्करातला माल हा. देवापुढं चरबी ठेवायची?"

तिचे म्हणणे मला पटले. मीच म्हणालो, "मग घासून घे."

घरात पितळेची भांडी घासतात तशीच ती घासली गेली. चिंच लावली, राखेने घासली, पाण्याने धुतली, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. आधी मी चारही सुया घरांतून बाहेर काढल्या, म्हणजे आतली चरबीही निघेल. मग ताम्हनात मांडायची वेळ आली. मला मांडणी नीट लागते. वरच्या ओळीत चार घरे, खालच्या ओळीत चार सुया, मध्ये सारखे अंतर. हळदकुंकू वाहिले. इतकी देखणी पूजा आमच्याकडे आधी झाली नव्हती, असे मी तेव्हा मोठ्याने म्हणालोसुद्धा. संध्याकाळी सुया परत घरांत घातल्या. ज्या घरात जी गेली ती गेली. सगळ्या एकसारख्याच दिसत होत्या.

एकादशीला मिस्त्री आला. पुडकी उघडताच त्याचा हात थांबला. एक नोझल त्याने उजेडाकडे धरून फिरवले.

"ही कुणी उघडली?"

"मी. स्वच्छ केली आहेत," मी सांगितले.

त्याने माझ्याकडे पाहिले, नोझलकडे पाहिले आणि म्हणाला, "छान चमकतात." मग पाना उचलला आणि दोन तासांत चारही बसवून टाकली. हे दोन शब्द मी आजही विसरलेलो नाही. त्या क्षणी तो बोलला असता तर माझे नुकसान चार नोझलांपुरते राहिले असते.

इंजिन सुरू झाले ते काळा धूर ओकत आणि खडखडत. ताकद कुठेच नाही. मिस्त्री म्हणाला, डिझेल कमी पडते आहे. त्याने पक्कड घेतली आणि पंपावरचे शिशाचे सील तोडले. ड्रायव्हर पुढे झाला.

"भाऊ, तुमी तरी सांगा ह्यांना. पैल्यापास्नं काळा धूर निघतोय म्हंजी डिझेल जळंना झालंय. न जळणाऱ्यात आणखी वतायचं?"

त्याचे म्हणणे सरळ होते, शाळकरी हिशोबातलेच. पण मी मिस्त्रीची बाजू घेतली. कारण काय, तर तो लष्करात होता आणि ड्रायव्हर बेडशाचा होता. दुसरे कारण मला आजतागायत सापडलेले नाही. मिस्त्रीने पंपाचा स्क्रू फिरवला. इंजिन जरा जोरात फिरू लागले आणि धूर दुप्पट झाला. "दोन खेपांत बसेल," असे सांगून तो गेला.

पुढच्या सहा दिवसांत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेनंतर ड्रायव्हरने तेल मोजायची पट्टी काढून दाखवली. इंजिनातले तेल दोन बोटे वाढले होते.

"मी तेल घातलं न्हाई, तुमी घातलं न्हाई. मग वाढलं कसं? वास घ्या, भाऊ. डिझेल उतरतंय खाली."

मी वास घेतला. डिझेलचाच होता. मी ते वहीत लिहिले, तारखेसकट. लिहिले आणि लॉरी पुन्हा पनवेलला पाठवली. तिसऱ्या खेपेला ती तेराशे कौलांसकट घाटात, खंडाळ्याच्या अलीकडच्या वळणावर बंद पडली. ड्रायव्हरने चाकांमागे धोंडे लावले, चढत्या उन्हात चालत लोणावळ्याला आला आणि दुसरी लॉरी घेऊन जाऊन कौले उतरवली. एकही फुटले नाही. हेही मी वहीत लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी लॉरी ओढून लोणावळ्याच्या मोटार स्टँडवर आणली. मिस्त्री आला. त्याने टाकीत बोट बुडवले, हुंगले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, ह्यात रॉकेल आहे. डिझेल विकायचं, वर रॉकेल भरायचं. सुया त्यानंच खाल्ल्या. मी असले ड्रायव्हर ढीगभर पाहिलेत."

स्टँडवर तेव्हा सातआठ ड्रायव्हर होते. सगळ्यांचा चहा हातातच राहिला.

आता माझा मूर्खपणा आकड्यांत सांगतो, कारण आकड्यांत मी हुशार समजला जातो. त्या दिवसांत रॉकेल रेशनवर होते. आमच्या घरी कंदिलाला पुरत नव्हते. बायको वात आत ओढून जेवण वाढत असे. डिझेल विकून त्याच्या जागी रॉकेल भरणारा माणूस म्हणजे स्वस्त वस्तू चोरून महाग वस्तू ओतणारा. असला चोर कुणी पाहिला आहे? हा हिशोब करायला एक मिनिटही लागत नाही. मी ते मिनिट घेतले नाही. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "किल्ली दे."

"भाऊ, तुमी बी?"

"किल्ली दे. पगार चौकशी झाल्यावर."

त्या दिवशी त्याचे बावीस दिवसांचे चव्वेचाळीस रुपये माझ्याकडे निघत होते. दिवाळी दहा दिवसांवर. त्याने किल्ली माझ्या हातात दिली नाही, लॉरीच्या पायरीवर ठेवली.

"पैशाचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पर हितं, ह्या समद्यांच्या म्होरं बोललात. आता मला हितं कुनी गाडी देनार न्हाई."

तसेच झाले. दोन जणांकडे त्याने विचारले आणि दोघांनीही नाही म्हटले. स्टँडवर माणसाचे नाव एका चहात जाते.

घरी बायकोला सांगितले. ती भाकरी थापता थापता थांबली. "रॉकेल?" ती म्हणाली. "आपल्या घरात रॉकेल नाही आणि त्याच्या घरी आहे का? त्याच्या बायकोनं गेल्या महिन्यात माझ्याकडून बाटलीभर नेलं, तुम्हीच ओतून दिलंत." चार दिवसांनी एकटाच बसून चारही इंजेक्टर आणि पंप काढून घेतला, कापडात गुंडाळला आणि पुण्याला निघालो.

पुण्यात पंप आणि इंजेक्टर तपासणारा एक म्हातारा कारागीर होता. त्याच्याकडे हाताने दाबायचा एक पंप होता. इंजेक्टर त्याला जोडायचा, दांडा दाबायचा आणि फवारा बघायचा. लॉरीतून आधी काढलेले एक जुने नोझलही मी सोबत नेले होते. ते त्याने आधी एका इंजेक्टरला लावून, दाबून दाखवले. टोकाशी बारीक धुके उडाले आणि कचकन थांबले. मग माझे चार. पहिला गळला. दुसऱ्याची धार लागली, लहान पोराने मुतावे तशी. तिसरा थेंब थेंब. चौथा अडकलाच.

"ही कुणी घासली?" म्हाताऱ्याने विचारले.

"रॉकेलने झालं असेल का?" मी विचारले.

"रॉकेलनं? अहो, मी ही रॉकेलमध्येच धुतो. हे रॉकेल नाही. राख आहे." त्याने भिंग माझ्या डोळ्याला लावले. सुईवर आडवे-उभे बारीक ओरखडे होते. "आणि ह्या सुया ह्यांच्या घरांतल्या नाहीत. प्रत्येक सुई तिच्या घरात घासून बसवलेली असते. दुसरीच्या घरात ती चालत नाही. दोघांवर एकच नंबर असतो. वाचा."

मी वाचले. तांदळाच्या कणीएवढे आकडे, सुईवर एक, घरावर दुसराच. गावात किराणा मालाच्या वजनात पाव तोळ्याची चूक पकडणारा म्हणून माझी ओळख आहे. ते आकडे खंडेनवमीच्या सकाळी माझ्या हातात होते, मी त्यांना कुंकू लावले होते आणि ते वाचले नव्हते.

त्याला मी पूजेचे सगळे सांगितले. तो हसला नाही, उलट भडकला. "एका वेळी एकच उघडायचं. स्वच्छ डिझेलात बुडवून धुवायचं. फडकं लावायचंच नाही, त्याचा एक धागा भोक बंद करतो. बसवायच्या आधी नळ्यांमधून डिझेल सोडून घाण काढायची, खाली तांब्याची वाशर नवी घालायची, सुई उघडण्याचा दाब चारही ठिकाणी सारखा लावायचा. आणि पंप? पंपाचं सील कुणी तोडलं?"

"मिस्त्रीनं."

"म्हणजे फवारा बिघडलेला, त्यावर डिझेल वाढवलं. ते न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरलं. आणखी दोन खेपा केल्या असत्या तर इंजिन गेलं असतं. कुणी थांबवलं नाही?"

थांबवणारा एक होता, आणि मी त्याची किल्ली काढून घेतली होती. हे मी म्हाताऱ्याला सांगितले नाही. आज लिहितो.

त्याने सुया नंबराप्रमाणे जुळवल्या. दोन जोड्या वाचल्या, दोन भंगार. त्या दोन त्याच मापाच्या त्याच्याकडून घेतल्या. पंप त्याने त्याच्या यंत्रावर लावून चारही नळ्यांना सारखे डिझेल येईल असा बसवला आणि नवे सील मारले. भोक मोठे केले म्हणून पंप वाटेल तेवढा सोडायचा नसतो, इंजिन जेवढी हवा ओढते तेवढेच डिझेल ते जाळते, असे त्याने मला दोनदा म्हणायला लावले.

परतताना देहूरोडला उतरलो. मिस्त्री दारात दाढी करत होता.

"तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं," मी म्हणालो.

"हो." त्याने वस्तरा पुसला. "चिंच-राखेचा वास येत होता, शेठ."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्हीच घासलीत म्हणून? चाळीस रुपये यायचे होते तुमच्याकडून. मालकाला मालकाची चूक सांगून कुणाला पैसे मिळालेत?"

"आणि ड्रायव्हरचं नाव?"

"काहीतरी कारण द्यायला हवं होतं. ड्रायव्हरचं नाव घेतलं की मालकाला लगेच पटतं. तुम्हाला पटलं की नाही?"

त्याच्या तोंडावर साबण होता, नाहीतर मी काय केले असते ते सांगता येत नाही. तो खोटारडा होता याचा राग आलाच. पण तो माझ्याबद्दल खरे बोलला याचा जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी त्याला म्हटले, ड्रायव्हरच्या बुडालेल्या दिवसांचे निम्मे पैसे तुम्ही द्या. तो म्हणाला, "किल्ली तुम्ही घेतलीत, शेठ. मी फक्त वास घेतला."

दुसऱ्या दिवशी बेडशाला गेलो. ड्रायव्हर खळ्यावर भात झोडपत होता. त्याची आई सुपाने पाखडत होती. मला पाहून ती उठली, पण तो थांबला नाही.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "सुया मी घासल्या. अदलाबदल मी केली. टाकीत रॉकेल नव्हतं."

"मला ठावं व्हतं रॉकेल न्हवतं."

मी त्याच्यापुढे पैसे धरले: पगार, बसून गेलेल्या नऊ दिवसांचे अठरा आणि दिवाळीचे म्हणून पंचवीस. त्याने पेंढी खाली ठेवली.

"हे पंचीस कशाचं?"

"दिवाळीचे."

"दर साली धा देता. औंदाचं पंदरा जास्ती म्हंजी त्वांड बंद ठेवायचं? न्हाई घेत. मला पैसं हितं नगत. जितं बोललात तितं द्या."

त्याची आई म्हणाली, "आरं, भाऊ घरी आल्यात. पाणी तरी दे."

"पानी दे की, आये. पानी मी नगं म्हनलो व्हय?"

पाणी प्यालो. उद्या सकाळी दहाला मी स्टँडवर येईन, असे सांगून निघालो.

दहाला मी तिथे होतो. त्या दिवशीचे बहुतेक सगळे ड्रायव्हर होते. माझ्या ड्रायव्हरने त्यांना आधीच सांगून ठेवले असावे. मी उभा राहिलो आणि जे झाले ते पहिल्यापासून सांगितले. चिंच, राख, ताम्हन, दोन ओळी, नंबर. कुठलीच गोष्ट गाळली नाही. मला वाटले होते, लोक गंभीर होतील. पण स्टँडभर हशा पिकला.

"भाऊ, कल्हई करायची ऱ्हायलीच की!"

"पुढल्या नवमीला पंपाला पंचामृतानं न्हाऊ घाला!"

"आन् सुयांना नवं लुगडं!"

ह्याच माणसांनी त्या दिवशी, एक शब्द न विचारता, ड्रायव्हरला चोर मानले होते, आणि आज माझ्यावर हसत होती. त्यांना ते बोलून दाखवायचे माझ्या तोंडावर आले होते, पण तो हक्क माझा नव्हता. ड्रायव्हरच मध्ये पडला.

"बास करा रं. लय खर्चात पडल्यात ते." मग माझ्याकडे हात केला. "किल्ली?"

मी किल्ली त्याच्या हातात दिली. इंजेक्टर त्यानेच बसवले, म्हाताऱ्याने सांगितले तसे: आधी नळ्या धुतल्या, वाशर नव्या घातल्या, एका वेळी एकच उघडला, आणि मला पाच हात लांब उभे केले. जुने तेल ओतून नवे भरले. धनत्रयोदशीला तेराशे कौले घेऊन खोपोली सोडली. मी शेजारी घड्याळ धरून बसलो होतो. खंडाळा एकोणचाळीस मिनिटांत आला. मागे धूर नव्हता. "लिवा वहीत," एवढेच तो म्हणाला.

मिस्त्रीचे चाळीस राहिले होते. ते बुडवावेत असे मला फार वाटले. पण दोन नोझले खराब झाली ती माझ्या राखेने, त्याच्या हाताने नव्हे. त्याचा गुन्हा पैशांत मोजता येईल असा एकच, तोडलेले सील. ते आणि पंप लावून घेण्याचे पुण्याला बावीस रुपये पडले होते. चाळीसातून बावीस वजा केले. खोटे बोलण्याचे किती वजा करायचे, याचा दर माझ्याकडे नव्हता.

पुण्याच्या कारागिराला पंपाचे बावीस आणि दोन नोझलांचे साठ, असे ब्याऐंशी. मिस्त्रीला आधीच्या एकशे वीसवर अठरा, मनीऑर्डरने. ड्रायव्हरला स्टँडवर, सगळ्यांसमोर, पगाराचे चव्वेचाळीस आणि नऊ दिवसांचे अठरा मिळून बासष्ट, आणि दर सालचे दिवाळीचे दहा. ते त्याने दोनदा मोजून घेतले.